मंडईतले हेत्वाभास

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या मॅडमकडे बोट दाखवीन. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथे त्या फक्त मॅडम.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दवनीवाड्याजवळ ठेक्याने घेतलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, बाबा धान लावत आणि रोवणीच्या दिवसांत माय दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला जाई. मी गोंदियाच्या कॉलेजात बी.ए.ला गेलो, तेव्हा तर्कशास्त्र हा विषय घेतला तो केवळ त्याचा तास आमच्या एसटीच्या वेळेला जुळत होता म्हणून. त्या विषयाला आम्ही तिघेच होतो. मॅडम तिघांना तीस जणांचा वर्ग असल्यासारखं उभं राहून शिकवायच्या. हेत्वाभास म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं काहीतरी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नंतर तीन वर्षं त्या आम्हाला वर्तमानपत्रातून, जाहिरातींतून आणि आमच्याच बोलण्यातून असे हेत्वाभास शोधून काढायला लावत होत्या.

दुसऱ्या वर्षानंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा मॅडम भर उन्हात बसने आमच्या गावी आल्या. बाबांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि आपली बाजू मांडली.

"आमच्या शेजारचा पोट्टा पंधरावी शिकला मॅडम, अन् आता पानठेल्यावर बसून राहते. शिकून काय होते मंग?"

"एका मुलावरून सगळी मुलं कशी ठरवता तुम्ही?"

"गावात दुसरा कोणी शिकलाच नाही न. एकच आहे, त त्याच्यावरूनच ठरवा लागन."

 मॅडम पाणी प्यायल्या. मग बाबाच म्हणाले, "पण तुमी एवढ्या उन्हात आल्या, म्हणजे पोट्ट्यात काही त असन. शिकू द्या."

बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा निष्कर्ष चांगला आहे, पण कारण चुकीचं आहे. मी उन्हात कुठेही जाते."

मी पदवीधर झालो तो असा. मॅडम पुढे निवृत्त होऊन वर्ध्याकडे बहिणीकडे राहायला गेल्या. तिथूनही त्या मला अधूनमधून फोन करत. बहुतेक दुपारच्या चहाच्या वेळी, कारण माझं वेळापत्रक त्यांना माहीत होतं.

पदवीनंतर मला फुलचूरला पोलीस भरतीच्या एका क्लासमध्ये काम मिळालं. मुलं पहाटे मैदानावर धावून यायची आणि घामेजलेल्या बनियनवरच बाकावर बसायची. मी त्यांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचो. सर्व पेन वह्या आहेत, काही वह्या टेबल आहेत, तर खालीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो, या जातीची उदाहरणं. दुसऱ्याचा निष्कर्ष चुकला की मला लांबून कळायचं. मुलं मला 'शक सर' म्हणत, कारण बरोबर उत्तर आलं तरी मी ते कशावरून काढलं हे विचारायचो.

त्याच क्लासमध्ये ती गणित शिकवायची. आम्ही एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत असू, पण इथे घोटाळा नको म्हणून मी तिला नुसतं ती म्हणतो. तिचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गावांपैकी एक. फुलचूरला ती आत्याकडे राहायची. फळ्यासमोर शुद्ध बोलायची आणि वर्गाबाहेर आली की आमच्या घरच्यासारखी. ती मला आवडते हे मला कळलं तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही. आधी मला संशय आला.

संशय होता सामान्य ज्ञानाच्या सरांवर. ते गोंदिया शहरातले, हिंदी बोलणारे, बुलेटवर येणारे. बुलेटचा आवाज आला की ती खिडकीशी जायची. हे मी रोज पाहत होतो. शिवाय त्यांच्याशी ती हिंदीत बोलायची आणि हसायची. माझ्याशी मराठीत बोलायची आणि हसायची नाही. यावरून मी जे काढायचं ते काढलं आणि मॅडमचा फोन आला तेव्हा बाहेर कडुलिंबाखाली जाऊन त्यांना सांगितलं. आत मुलं मोठ्याने पाढे म्हणत, म्हणून बाहेर जावं लागे.

"ती खिडकीशी जाते तेव्हा आणखी काय घडतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. चहावाला येतो."

"कुठून येतो?"

"खिडकीतूनच कप देतो."

"मग ती चहावर प्रेम करते, असंही म्हणता येईल. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडत नाही. हे तू पेपरात नीट लिहिलं होतंस."

पेपरात लिहिलं होतंच. पण पेपरात बुलेट नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, चहावाला उशिरा आला आणि ती तरीही खिडकीशी गेली. मला वाटलं, सापडलं. मग ती खिडकीतून ओरडली, "का गा दादा, आज चहा देतोस का उद्याच्यासंग?" मी तरीही समाधान मानलं नाही. म्हटलं, लोकांना दाखवायला ओरडली असेल. आता मागे वळून पाहतो तर लक्षात येतं, की माझ्या संशयाला खोटं पाडेल अशी एकही गोष्ट मी शिल्लक ठेवली नव्हती. ती हसली तरी पुरावा, आणि नाही हसली तरी पुरावाच.

दिवाळी जवळ आली. आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडई सुरू होते. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, शिंगाडे आणि ऊस येतात, दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, नाचते, आणि घरोघर सोयरेधायरे उतरतात. लवकर पिकणारं हलकं धान कापून झालेलं असतं, त्यामुळे लोकांना सवड असते आणि याच सवडीत उपवर मुलामुलींची बोलणी निघतात. कोणी तसं स्पष्ट म्हणत नाही. सगळे म्हणतात, मंडई पाहायला आलो. पण उपवर मुलगी असलेल्या घरी कोण कोणाला घेऊन आलं, याकडे सगळा गाव पाहतो.

स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता ती एकदा सहज म्हणाली होती, "बाबा म्हणतात, या मंडईत तुझं ठरवूनच टाकतो." त्या दिवसापासून मला झोप नव्हती. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "सर, आमच्या गावची मंडई आहे. या जेवाले." मी हो म्हणालो. दोन पायऱ्या उतरलो तोच वरून तिचाच आवाज आला, ती सामान्य ज्ञानाच्या सरांना सांगत होती, "सर, आप भी आना मंडई में. माताजी को जरूर लाना."

मला एकट्याला बोलावलं आणि त्यांना आईसकट. याचा अर्थ आमच्या भागात लहान मुलालाही कळतो, असं मला वाटलं. मी घरी गेलो आणि मामाला गाठलं.

मामा विडीच्या पानांच्या कामावर हिंडलेला माणूस, अख्ख्या तालुक्यातली नाती त्याला पाठ. तो म्हणाला, "मुलगा एकटा गेला त जेवून वापस येते. मामा नाही त बाप संगं असला त बोलणी सुरू झाली समजतात. तो मायले घेऊन चालला न? मंग मी येतो."

"पण तिने मला तसं बोलावलं नाही."

"तू हातावर हात धरून बस मंग. अन् तो मायसंगं शिंगाडे खात बसन तिच्या घरी."

मी मामाला घेऊन गेलो. त्याच्या गाडीवर मागे बसलो होतो आणि वाटेत मनातल्या मनात सगळं मांडत होतो. जो सोयरीक करायला येतो तो वडीलधाऱ्यांना घेऊन येतो. हा वडीलधाऱ्यांना घेऊन येतोय. म्हणून हा सोयरीक करायला येतोय. पुस्तकात याला उत्तरांग खरं म्हणून पूर्वांग खरं मानण्याचा दोष म्हणतात, आणि मी हा दोष मुलांना आठवड्यातून एकदा शिकवत होतो. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं आहे म्हणजे पाऊसच पडला असं नाही, कोणी सडाही टाकला असेल. हे मला त्या गाडीवर एकदाही आठवलं नाही.

तिच्या घरी पोचलो तर बुलेट अंगणात उभी. सामान्य ज्ञानाचे सर ओसरीत पाट मांडून जेवत होते. त्यांच्या आई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. तिचे बाबा माझ्याकडे पाहत होते, मग मामाकडे, मग पुन्हा त्या माताजींकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांनीही माझ्यासारखंच गणित केलं आहे आणि त्यांच्या घरी एकाच वेळी दोन स्थळं आली आहेत.

"कायले आले मंग पाव्हने?" त्यांनी मामाला विचारलं.

"मंडई पाहाले," मामा म्हणाला.

"हे बी मंडईच पाहाले आले म्हणतात," त्यांनी माताजींकडे हात केला.

"हम तो मेला ही देखने आए हैं, भाईसाहब," माताजी म्हणाल्या.

तिचे बाबा मामाकडे झुकून हळूच म्हणाले, "सगळे पहिले असंच म्हणतात."

"आम्ही बी तेच म्हटलं," मामा म्हणाला.

"तेच त म्हणून राहिलो मी," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "बसा मास्तर. जेवा."

मला तेव्हा माहीत नव्हतं, की त्यांना माणूस ओळखायची एक स्वतःची पद्धत होती. ताटात भात टाकणारा माणूस संसार नीट चालवत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या एका जावयाने पहिल्या जेवणात भात टाकला होता आणि त्याने पुढे ट्रॅक्टर विकला, एवढ्या एका आधारावर. माझं सगळं लक्ष माताजींकडे होतं. समोर बुलेटवाले सर तिसऱ्यांदा भात घेत होते. मी अर्धा भात तसाच ठेवून हात धुतला. तिच्या बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, सरांच्या ताटाकडे पाहिलं, आणि सरांकडे बोट करून मामाला म्हणाले, "हा पोरगा चांगला खाते बापा."

मामाचा चेहरा पडला.

तेवढ्यात ती मागच्या परड्याच्या दारातून म्हणाली, "सर, जरा इकडे या." ती तुळशीशेजारी उभी होती. हातात तांब्या. चेहरा रागाचा.

"मामाले कायले आणलं?"

"तुम्ही त्यांच्या आईंना बोलावलं म्हणून."

"त्यांच्या आईंचे गुडघे धरतात. माझी माय गुडघ्याले निर्गुडीचा शेक देते, सगळ्या गावाले देते. म्हणून बोलावलं."

मी आत पाहिलं. तिची माय खरोखरच माताजींच्या गुडघ्याला कापडात बांधलेला गरम पाला लावत होती.

"मग मला एकट्याला का?"

"बाबांना तुम्हाला जेवताना पाहायचं होतं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "अन् तुम्ही ताटात भात टाकला."

 मी म्हणालो, "मला वाटलं, तुमचं त्यांच्यावर..."

"त्यांची सगाई झाली आहे बालाघाटले. स्टाफमध्ये पेढे वाटले तेव्हा तुम्ही कुठे होते?"

मी बाहेर होतो. कडुलिंबाखाली, मॅडमना फोनवर सांगत होतो, की ती त्या सरांच्या हातचे पेढे हसून हसून खातेय.

आता सगळं मोकळं झालं असं मला वाटलं. पण तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता तुम्ही सांगा. ती मॅडम कोण?"

"कोणती मॅडम?"

"तुमच्या मोबाइलवर येते ती. मी टेबलावर पाहिलं आहे. माझा फोन आला त 'गणित' येते, अन् ती नुसती 'मॅडम'. तिचा फोन आला की तुम्ही बाहेर पळता. झाडाखाली उभे राहून हळू बोलता. परत येता तेव्हा माझ्याकडे पाहत नाही."

मी खरं ते सांगितलं. त्या माझ्या तर्कशास्त्राच्या मॅडम आहेत, निवृत्त आहेत, साठीच्या पुढे आहेत.

"साठीच्या पुढे कशावरून?"

मी मोबाइलमधला निरोप समारंभाचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला. "ह्या कोणीही असू शकतात. अन् मॅडम म्हणजे ह्याच, हे कुठे लिहिलं आहे?"

"फोन लावतो. बोला."

"आवाज कोणीही बदलते."

"मग मी काय करू? जे नाही ते नाही, हे कसं सिद्ध करायचं?"

"ते मला नाही माहीत. तुम्ही बुद्धिमत्ता शिकवता."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. तीही खिडकीतून पाहत होती, फक्त दुसऱ्या बाजूला. माझा फोन वाजला की ती मोजत होती. जिला काही देणंघेणं नाही, ती एवढं मोजेल कशाला? हाही पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष, हे मला कळत होतं. तरी तो मी काढला.

शेवटी तिनेच तोड सुचवली. मॅडमना हाताने पत्र लिहायचं. तिच्यासमोर लिहायचं, पत्ता तिच्यासमोर घालायचा, आणि पोस्टात ती टाकणार. उत्तर आल्यावर पाहू. मधल्या काळात बाबांना काय सांगायचं, असं मी विचारलं.

"त्यांना मी सांगते, मास्तर घाबरून जेवले नाहीत."

"ते मानतील?"

"मानले नाहीत त पुन्हा जेवाले बोलावतील."

आम्ही ओसरीत परतलो. तिने बाबांच्या कानाशी माझ्या घाबरण्याचं, पत्राचं आणि सरांच्या सगाईचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि म्हणाले, "पत्राचं उत्तर येईपर्यंत मी कोणाले हो म्हणत नाही. पण नाही बी म्हणत नाही." मग माताजींकडे वळून म्हणाले, "तुमच्या पोट्ट्याची सगाई झाली म्हणते पोरगी, त त्याले इतकं जेवू कायले घातलं मी?" सगळे हसले. बुलेटवाल्या सरांना काय झालं ते कळलं नाही, त्यांनी मला विचारलं, "क्या हुआ सर?" मी म्हणालो, "कुछ नहीं. मंडई."  परतताना गावाच्या वेशीवर मामा एवढंच म्हणाला, "भाच्या, भात संपवायचा असते बापा."

मंडईनंतर क्लास सुरू झाला त्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये, तिच्या नजरेसमोर मी ते पत्र लिहिलं. तिने दोन ठिकाणी खोडायला लावलं. खाली तिने स्वतःच्या हाताने काही लिहिलं आणि पाकीट बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. पुरावा म्हणून, असं म्हणाली. हे लिहिताना तो फोटो मला तिच्याकडूनच मागावा लागला. ती स्वयंपाकघरात होती. देताना विचारलं, "कायले पाहिजे?" मॅडमचं उत्तर पुढे आलं, ते तिच्याकडेच आलं, आणि त्यात काय होतं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, तुमच्या कामाचं नव्हतं. पत्र असं होतं:

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही फोन करता, तरी पत्र का लिहितोय याचं तुम्हाला नवल वाटेल. हे पत्र माझ्यासमोर बसलेल्या व्यक्तीच्या आग्रहावरून लिहितो आहे. ती हे वाचणार आहे, म्हणून खरं तेवढंच लिहितो. फोनवर मी जिच्याविषयी बोलत होतो, तीच ही. तुमच्या फोनवरून तिच्या मनात काही शंका आल्या आहेत. मी तिला सांगितलं, की तुम्ही माझ्या शिक्षिका आहात आणि तुमच्यामुळेच मी पदवीधर झालो. तिला ते पुरेसं वाटत नाही. तिचंही बरोबर आहे. माझ्या शब्दाशिवाय तिच्याकडे काही नाही, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचाच शब्द पुरावा म्हणून कसा धरायचा.

म्हणून एक विनंती. उत्तरात आपण निवृत्त कधी झालात आणि वय किती, हे लिहावं. असं विचारायला मला लाज वाटते. तुम्ही आमच्या घरी आलात, बाबांशी बोललात, ते मी विसरलो नाही. तुम्हाला मी हे लिहायला नको होतं, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

सामान्य ज्ञानाच्या सरांचं लग्न बालाघाटला ठरलं आहे. तुम्ही चहाबद्दल विचारलं होतं, ते तेव्हाच मानायला हवं होतं.

माय आणि बाबा तुम्हाला नमस्कार सांगतात. धान यंदा बरं आहे. आमच्याकडे कार्य ठरलं तर तुम्ही यावं, ही माझी आणि बाबांची इच्छा आहे. बसस्टँडवर घ्यायला मी स्वतः येईन.

आपला विद्यार्थी

मॅडम, मी वरचं सगळं वाचलं आहे. कार्य ठरलं तर, असं सरांनी लिहिलं आहे. ते ठरलं आहे, बाबांना काल सांगितलं. सरांना अजून सांगितलं नाही. आता वाचत आहेत. तरीही तुम्ही उत्तर नक्की लिहा, आणि ते क्लासच्या पत्त्यावर नको. पाकिटाच्या मागे माझ्या आत्याचा पत्ता लिहिला आहे, तिथे पाठवा.